वासराचा वाटा

आमच्या ह्यांचं, म्हणजे बजरंगरावांचं, कर्जाबद्दल लई चांगलं मत हाय. कर्ज कुणाला मिळतं, असं ते भेटेल त्याला विचारतात. समोरचा गप्प बसला की स्वतःच सांगतात, ऐपत असणाऱ्याला मिळतं. म्हणजे जितकं कर्ज जास्त तितकी माणसाची ऐपत जास्त. लातूरच्या एका सरकारी ऑफिसात ते कारकून म्हणून लागले, आता हेडक्लार्क झालेत, आणि एवढ्या वर्षांत ह्यांची ऐपत अशी वाढत गेली की महिन्याच्या दहा तारखेला घरात गॅस आणायला पैसे नसतात.

नोकरी पक्की झाली तवा मोटारसायकल आली. पहिली बढती मिळाली तवा दोन दारांचा फ्रिज आला, आणि आमच्याकडं सामान होतं एका दाराचं. सातवा वेतन आयोग लागला, थकबाकी हातात पडली आणि त्याच महिन्यात डॉक्टरांनी ह्यांना रोज चालायला सांगितलं. चालायला पैसे लागत न्हाईत ही गोष्ट ह्यांना काही केल्या पटली न्हाई. घरात ट्रेडमिल आली. थकबाकी कमी पडली म्हणून वरून हप्ता. आता ट्रेडमिलवर मी कुरडया वाळवते, आणि खोटं कशाला बोलू, कुरडया झकास वाळतात.

सध्या आठव्या आयोगाच्या बातम्या यायल्यात. तो दिल्लीतून निघून लातूरला पोचायचा तवा पोचेल. त्याच्या नावाचा सोफा मात्र आमच्याकडं आधीच येऊन बसलाय.

मी देवणीची. आमच्या गावाच्या नावानं गाई ओळखतात. माझ्या वडलांकडं, शेषेराव अण्णांकडं, तसल्या दोन होत्या. पाऊसपाणी बरं झालं, हिरवा चारा मिळाला की गाय तांब्याभर दूध जास्त द्यायची. आई लगेच म्हणायची, चला, आता चहा जरा दाट करू. अण्णा म्हणायचे, "वाढलेलं दूध घरात आणायचं न्हाई. घराला एकदा चव लागली की घर मागं सरत न्हाई. वाढलेलं वासराला पाज." आम्ही भावंडं पातळ चहावर मोठी झालो. पण त्यातलं एक गोऱ्हं असं दणकट निघालं की ते विकून अण्णांनी माझं लग्न लावलं. मांडव, जेवण, बँड, समदं त्या गोऱ्ह्यानं दिलं. नवरा असा निघाला, त्यात गोऱ्ह्याचा काय दोष.

तर मीही लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी ठरवून टाकलं. ह्यांचा पगार वाढला की वाढलेल्यातलं निम्मं वासराला. ह्यांना सांगायचं न्हाई, कारण सांगितलं असतं तर वासरावर पण कर्ज काढलं असतं. पगारवाढ झाली की मी म्हणायची, तेल महाग झालं. दूधवाल्यानं भाव वाढवला. राजकन्याच्या दप्तराची चेन गेली. राजकन्या म्हणजे आमची लेक. त्या पोरीच्या दप्तराची चेन इतक्यांदा गेली की एकदा हेच म्हणाले, शाळेत ही पोरगी दप्तराशी कुस्ती खेळती का काय.

पुरेसे पैसे साठले की मी सराफाकडून एक वेढणं आणायची. वेढणं म्हणजे चोख सोन्याची साधी अंगठी. नक्षी न्हाई, खडा न्हाई, अडीनडीला मोडली तर घट न्हाई. आमचा सराफ राजशेखर जातीनं वजन करून द्यायचा आणि कुणाला बोलायचा न्हाई. अशी सात वेढणी झाली.

ठेवायची कुठं हा प्रश्न होता. पिठाच्या डब्यात ठेवावं तर ह्यांना रविवारी भजी करायची हौस. देवघरात ठेवावं तर संकष्टीला देव घासायला हेच बसतात. मग मला आहेराची साडी सापडली.

आमच्या मराठवाड्यात आहेराची साडी कोणी नेसत न्हाई. ती नेसायची नसतेच, ती द्यायची असते. लग्नात मामीनं दिली की बारशात नणंदेला, नणंदेकडून वास्तुशांतीला जावेला, अशी ती पिशवीतच फिरते. घडी मोडली की साडी मेली. माझ्याकडं एक होती तिचा रंग पोपटी म्हणावा तर पोपटाचा अपमान. काठाला जांभळी वेल. ती बघून चोरानंसुद्धा कपाट परत लावून घेतलं असतं. मी तिच्या मधल्या पुठ्ठ्याला रुमालात बांधलेली सात वेढणी टाके घालून बसवली, घडी होती तशी केली, पिशवी चिकटवली आणि बिनघोर झोपायला लागले.

ही साडी गेली कशी ते सांगते, आणि सांगताना अजून माझं डोकं तापतं.

एप्रिलात ह्यांनी चारचाकीचं रंगीत पत्रक घरी आणलं. आठव्या आयोगाच्या भरवशावर. मी मागचा पुढचा विचार न करता तोंड सोडलं. म्हटलं, "अहो, ह्या घरात तुम्ही जिंदगीत कधी एक रुपया तरी वाचवलाय का?" माणसाला बोल लागला. रात्री जेवले न्हाईत, म्हणजे एकच भाकरी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी किल्लारीला लग्न होतं. ह्यांची आत्या केवळाबाई, तिचा मुलगा वैजनाथ, त्याचं. माझी दाढ सुजून गाल भोपळा झाला होता म्हणून हे एकटेच निघाले. मी आतून म्हटलं, आत्याला साडी घ्यायची हाय, पैसे घेऊन जा. बाहेरून आवाज आला, "नको, केली हाय सोय." मला वाटलं फोनवरून पैसे देतील. दाढ ठणकत असताना माणूस जास्त चौकशी करत न्हाई.

मेमध्ये राजकन्याचा दहावीचा निकाल लागला. पोरीनं नाव काढलं. डॉक्टर व्हायचंय म्हणती, आणि लातुरात राहून असं म्हटलं की क्लास आलाच. फी दीड लाख. महिन्याच्या शेवटच्या सोमवारी दुपारपर्यंत भरायची, न्हाई तर जागा दुसऱ्याला. हे लगेच म्हणाले, "काळजी नको. पतसंस्थेतून काढतो. साहेबराव जामीन राहायला तयार हाय." साहेबराव ह्यांच्या शेजारच्या टेबलावर बसतो. तो ह्यांना जामीन, हे त्याला जामीन. एक बुडाला तर दुसऱ्यानं वाचवायचं, आणि पोहता दोघांनाही येत न्हाई.

मी म्हटलं, "पोरीच्या शिक्षणाला कर्ज काढायचं न्हाई. मी बघते." एवढी वर्षं पातळ चहा प्यायले होते ते ह्याच दिवसासाठी. ऐटीत कपाट उघडलं. पोपटी साडी न्हाई.

वरचा कप्पा बघितला, खालचा बघितला, राजकन्याच्या स्वेटरात बघितलं. शेवटी बाहेर येऊन अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "अहो, ती पोपटी साडी बघितली का?"

ह्यांनी पेपर खाली केला. चेहऱ्यावर असं तेज की जणू ऑफिसात सत्कार झालाय. "दिली की आत्याला, लग्नात. तू म्हणली होतीस ना कधी रुपया वाचवला का म्हणून? पाचशे वाचवले. तुला सांगणार होतो, पण म्हटलं फुशारकी कशाला."

आयुष्यात पहिल्यांदा ह्या माणसानं पैसे वाचवले, आणि त्यात पोरीची फी गेली. मी स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले. रडायला येत होतं, आणि लाटणं कुठं हाय तेही बघत होते.

आता खरं सांगावं तर सोन्याचं कळणार. सोन्याचं कळलं की चारचाकीचं पत्रक उशाखालून बाहेर येणार. मी म्हटलं, "ती आईनं दिलेली नवसाची साडी होती. परत आणायची."

"मग फोन कर की आत्याला."

फोन कसा करू? केवळाआत्याच्या फोनचा आवाज कायम मोठा असतो. तिच्याशी बोललं की पुऱ्या गल्लीशी बोलल्यासारखं हाय. म्हटलं, नवसाची वस्तू समक्ष मागावी लागती. हे लगेच उठले. "स्पेशल गाडी करू." मी म्हटलं, बसनं जायचं. बायकांना अर्धं तिकीट हाय. माझं अर्धं, ह्यांचं पूर्ण, तरी अंग चोरून मीच बसले.

किल्लारीला आत्यानं चहा ठेवला, पाठीवरून हात फिरवला आणि साडीचं विचारल्यावर सरळ सांगितलं, "उज्वले, तुझी साडी मी विहिणीला देऊन टाकली. लेकीला बघायला आली होती, जाताना दिली. मला काय ती आवडली न्हाई. आवडली न्हाई म्हणून तर दिली."

विहीण म्हणजे वैजनाथच्या बायकोची आई, पारूबाई. गाव इस्लापूर. म्हणजे लातूरहून नांदेड, नांदेडहून किनवटच्या रस्त्यानं, पार त्या टोकाला. मराठवाडा जिथं संपतो तिथं माझी साडी जाऊन बसली होती.

निघताना आत्या म्हणाली, सूनबाई रिकाम्या हातानं जात नसती. पेटी उघडली. पेटीत साड्यांच्या पिशव्या अशा रचलेल्या की दुकानदारानं शिकून घ्यावं. त्यातली वरचीच एक, शेवाळी रंगाची, उचलली आणि नारळ-तांदळासकट माझ्या ओटीत घातली. मी मनात म्हटलं, घ्या, पोपटी गेली आणि शेवाळं आलं. घरी येऊन ती पिशवी मी खुंटीला अडकवली आणि तिच्याकडं आठवडाभर बघितलंसुद्धा न्हाई.

ह्या आठवड्यात पतसंस्थेचा अर्ज घरात आला. ह्यांनी सही केली, साहेबरावनं सही केली. मी तो ट्रेडमिलवर कुरडयांच्या खाली दाबून ठेवला. म्हटलं सोमवारी बघू.

शनिवारी आम्ही इस्लापूरला निघालो. नांदेडच्या स्टँडवर उतरलो तर ह्यांची नजर समोरच्या साडीच्या दुकानावर. "पहिल्यांदा पाव्हण्याच्या घरी जायलोत. रिकाम्या हातानं जाऊन साडी परत मागायची? बरं दिसत न्हाई. दोन हजारांतली एक चांगली घेऊ. फोनवरून तीन हप्त्यांत होती."

मला हे माहीत होतं, म्हणून मी तयारीनं आले होते. पिशवीतून आत्याची शेवाळी साडी काढून दाखवली. "हीच द्यायची. आता मी वाचवले दोन हजार."

हे माझ्याकडं जरा आदरानंच बघायला लागले. मलाही बरं वाटलं, आता खोटं कशाला बोलू. किनवटच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. हे म्हणाले, एवढं आलोच हाय तर सहस्रकुंडचा धबधबा बघू. मी म्हटलं, मे महिन्यात तिथं नुसते धोंडे हायत, आणि धोंडा बघायला मला इतक्या लांब यायची गरज न्हाई.

पारूबाईचं घर शोधावं लागलं न्हाई. ओसरीवर एक बाई तांदूळ निवडत बसली होती आणि तिच्या अंगावर ती साडी होती. पोपटी. जांभळ्या वेलीची. पुऱ्या मराठवाड्यात आहेराची साडी घडी मोडून नेसणारी ही एकच बाई, आणि माझं सोनं नेमकं तिच्या दारात.

माझे पाय तिथंच थांबले. साडी नेसली म्हणजे घडी मोडली, घडी मोडली म्हणजे पुठ्ठा काढला, पुठ्ठा काढला म्हणजे रुमाल सापडला. हे आपले पुढं होऊन, रामराम, आम्ही केवळाबाईचे भाचे, असं सांगून मोकळे.

पारूबाई लई जीव लावणारी बाई. पाणी दिलं, पंखा आमच्याकडं फिरवला, ताटल्या भरून सुशीला आणली, गरम मुरमुऱ्यांची, वर शेंगदाणे आणि लिंबू. "खा बापा, लांबून येऊन राहिले तुम्ही." आणि पदर हातात धरून म्हणाली, "विहीणबाईनं दिली ही. असा रंग मला आजवर कोणी दिला न्हाई."

हे म्हणाले, "शोभती हो तुम्हाला." मी ह्यांना कोपर मारलं. आता अंगावरची साडी नवसाची म्हणून परत मागायची कशी, आणि आतल्याचं विचारायचं तर ह्यांच्या देखत कसं? काहीतरी करावं म्हणून उठले, पारूबाईला कुंकू लावलं आणि शेवाळी साडीची पिशवी तिच्या ओटीत घातली.

पारूबाईनं पिशवीकडं बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. पिशवी उलटी केली. परत सुलटी केली. मग बाजेवर बसली.

"ही तर मीच विहीणबाईला धाडली होती," ती म्हणाली. "लेक सासरी गेली तवा तिच्यासंगं. परत धाडली का त्यांनी? काहून? आमचं काय चुकलं?"

हे समजूत घालायला पुढं झाले. "अहो साडी हाय, साडी फिरतच असती. त्यात वाईट वाटून घ्यायचं न्हाई."

"साडीचं कोण म्हणून राहिलं, पाव्हणं?" असं म्हणून तिनं पिशवी फाडली, शेवाळी साडीची घडी मोडली आणि पुठ्ठ्यामागून एक रुमाल ओढून बाजेवर टाकला. माझा रुमाल. निळ्या चौकटीचा.

म्हणजे काय झालं होतं ते आता मला दिसलं. पारूबाईला पोपटी साडीचा पुठ्ठा जड लागला, तिनं रुमाल काढला, सोनं बघून घाबरली, आणि आलं तसंच, कुणाला न बोलता, शेवाळी साडीत घालून ते किल्लारीला परत पाठवलं. आत्यानं ती साडी उघडली न्हाई, कारण आहेराची साडी कोण उघडतं? ती तिनं मला दिली. मी पण उघडली न्हाई. पोरीची फी आठवडाभर माझ्याच घरात खुंटीला लटकत होती. आज ती मी इतक्या लांब आणून, दोन हजार वाचवले म्हणून मिरवत, परत दिली होती.

हसावं की डोकं आपटून घ्यावं ते कळेना. भिंत जवळ होती, पण मातीची होती आणि नुकतीच सारवलेली होती.

पारूबाई म्हणाली, "एवढं सोनं मला नको. आज घेतलं की उद्या लेकीचं डोहाळजेवण त्याच मापाचं, बारसं त्याच मापाचं. तेवढी आमची ऐपत न्हाई. ऐपत न्हाई म्हणून सांगायला मला लाज वाटत न्हाई. विहीणबाईला सांगा, साडी दिली तेवढी बस झाली."

आमच्या ह्यांनी आजवर असं बोलणारं माणूस बघितलं नव्हतं. तोंड उघडं टाकून ते एकदा तिच्याकडं आणि एकदा रुमालाकडं बघायला लागले. "कसलं सोनं?"

आता मी काही केलं असतं तरी उपयोग नव्हता. मी बाजेवर बसले, रुमालाची गाठ सोडली आणि म्हटलं, "पारूताई, हे तुमच्या विहीणबाईचं न्हाई, माझं हाय. त्यांना ठाऊकसुद्धा न्हाई."

"कशावरून?" पारूबाई म्हणाली. बाई साधी होती, बावळट नव्हती.

मग मी एकेक वेढणं उचलून सांगायला लागले. हे सगळ्यात बारीक, ह्यांची नोकरी पक्की झाली त्या वर्षीचं. हे मोटारसायकलनंतरच्या पहिल्या वाढीचं. हे फ्रिजच्या वेळचं. हे राजकन्या झाली तवाचं, महागाई भत्ता वाढला होता. ह्याला आतून चीर हाय, हे दप्तराच्या चेनचं. हे जाड दिसतंय ना, हे सातव्या आयोगाचं. हे हेडक्लार्क झाले तवाचं. अण्णांचं, गोऱ्ह्याचं, वाढलेल्या दुधाचं, समदं सांगितलं. बोलता बोलता मला रडू आलं. ते काय आता लपवायचं. एवढी वर्षं मी ते कुणाला सांगितलं नव्हतं.

हे खाली बघत होते. त्यांची पुरी नोकरी त्या बाजेवर ओळीनं मांडलेली होती, आणि ती एका ओंजळीत मावत होती. मग म्हणाले, "एवढ्या वर्षांत पगार इतक्यांदा वाढला. एवढंच उरलं?"

"एवढं वासराचं हाय," मी म्हटलं. "बाकीचं तुम्ही चालवलं, थंड केलं आणि त्याच्यावर बसलात. थोडं ट्रेडमिलवर उभं हाय."

ते सातव्या आयोगाचं वेढणं बोटात घालून बघायला लागले. डोळ्यात पाणी होतं. मला वाटलं माणसाला उमगलं. मग ते म्हणाले, "ह्यात चारचाकीचं डाऊन पेमेंट..."

पारूबाईनं हातात परत घेतलेलं तांदळाचं सूप खाली ठेवलं.

"...होत न्हाई, असं म्हणणार होतो मी," हे म्हणाले आणि वेढणं काढून रुमालात ठेवलं. काढताना अडकलं जरा. मी ओढून घेतलं.

पारूबाईनं सोनं माझ्या पदरात स्वतःच्या हातानं बांधलं आणि मला जवळ घेतलं. शेवाळी साडी मात्र तिनं परत दिली. म्हणाली, ही न्या बापा, हिचा रंग मला बघवत न्हाई.

सोमवारी सकाळी राजशेखरचं दुकान उघडलं तवा मी पायरीवर उभी होते. सहा वेढणी मोडली. पहिलं, सगळ्यात बारीक, मागं ठेवलं. दुपारच्या आत फी भरली. राजकन्यानं पावतीचा फोटो काढून देवणीला तिच्या आजोबांना पाठवला. अण्णांनी फोन केला, एवढंच विचारलं, "चहा कसला पिता?" मी म्हटलं, पातळच. ते लई वेळ हसले. पतसंस्थेचा अर्ज कुरडयांखाली चिकटून बसला होता. तो ह्यांनी स्वतः खरवडून काढला आणि फाडला.

किल्लारीला बातमी कळायला वेळ लागला न्हाई. एवढं सोनं आपल्या पेटीत होतं आणि आपण ते न उघडता देऊन टाकलं, हे ऐकून केवळाआत्या दोन दिवस अंथरुणावर पडून होती. तिसऱ्या दिवशी उठली आणि पेटीतल्या झाडून साऱ्या साड्यांच्या घड्या मोडल्या. एकावन्न रुपयांचं पाकीट निघालं आणि एक मेलेली पाल. तिचं बघून भावकीतल्या बायकांनी आपापल्या पेट्या उघडल्या. घडी मोडलेली साडी आहेरात देता येत न्हाई, म्हणून आता त्या नेसायची पाळी आलीय. ह्या वर्षी आमच्या पाव्हण्यारावळ्यांत बायका असल्या असल्या रंगांत फिरायल्यात की ट्रॅक्टरवाले लांबूनच वेग कमी करतात. मी पण शेवाळी नेसते. दोन-चार धुण्यांनंतर बरी दिसती.

जुलैत ह्यांची पगारवाढ झाली. त्या दिवशी मी दाराकडं कान लावून होते. टेम्पो येतो का, खोकं उतरतं का. काही आलं न्हाई. हे पायी आले, घामानं भिजलेले, आणि खिशातून एक लाल डबी काढून माझ्या हातावर ठेवली. उघडली तर वेढणं. चोख, साधं, चांगलं जाड.

"वासराचं," ते म्हणाले. "घराला चव लागायच्या आधी आणलं."

एवढ्या वर्षांत मला कधी वाटलं नव्हतं ते त्या मिनिटाला वाटलं, की अण्णांचं ते गोऱ्हं वाया गेलं न्हाई. मी त्यांच्यासाठी दाट चहा ठेवला. कपात ओतता ओतता सहज विचारलं, "अहो, पगार तर एक तारखेला होणार. पैसे कुठून दिले?"

"आत्ता एक रुपया पण दिला न्हाई," हे खुशीत म्हणाले. "राजशेखर ओळखीचा हाय. बारा हप्ते करून दिले त्यानं. साहेबराव जामीन राहिला."

मी आठव्या आयोगाच्या सोफ्यावर बसले आणि हसायला लागले. राजकन्या पुस्तक टाकून बघायला आली, आईला काय झालं म्हणून. ह्यांना कळेना आपलं काय चुकलं. ते चहा पीत होते.

वेढणं मी ठेवून घेतलं. कुठं ठेवलं ते सांगणार न्हाई. आमचा माणूस सुधारायला लागलाय हे खरं हाय, पण तेही हप्त्याहप्त्यानंच.